जुनी महिंद्रा थार घ्यावी की जुनी मारुती जिम्नी?

इंदूरच्या रामबागेतल्या माझ्या भाच्याला पावसाळ्यात चोरल, पातालपाणी, जानापाव असं भटकायचं असतं. माळव्याची काळी माती भिजली की साध्या गाडीचं चाक जागच्या जागी फिरतं. फोर बाय फोरच, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी गाडीच हवी, हे मलाही पटतं.

थार डिझेलमध्ये मिळते. २.२ लिटरचं इंजिन, चढावर दम लागत नाही. पण २०२३ पासून फक्त मागच्या चाकांवर चालणारी थारही विकली गेली आणि बाहेरून दोन्ही जवळपास सारख्याच दिसतात. गिअरशेजारी दुसरा छोटा दांडा आहे ना, आधी ते बघा; तो असेल तरच ती फोर बाय फोर.

जिम्नीत हा घोळ नाही, आपल्याकडे सगळ्याच फोर बाय फोर. १.५ लिटर पेट्रोल, ताकद बेताचीच. मात्र अंगाने हलकी, म्हणून चिखलात कमी रुतते. शिवाय पाच दारं. थारमध्ये मागे बसायला पुढची सीट दुमडून चढावं लागतं, ताईचे गुडघे ते सोसणार नाहीत.

कोणतीही घ्या, पुढच्या डिफरन्शियलचं (दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्याचं) तेल थोडं काढून दाखवायला सांगा. दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी शिरलंय, सरळ परत फिरा. चारही टायर एकाच मापाचे, सारखे झिजलेले हवेत. फोर व्हीलची ट्रायल मातीवर घ्या. कोरड्या डांबरावर वळताना यंत्रणेवर ताण येतो.

भाच्याला मी जिम्नीच सांगितली आहे. रोज जड सामान ओढायचं असतं, तर डिझेल थारच म्हटलं असतं.