निळ्या पाण्याच्या छायाचित्राला भुलून

साताऱ्याहून आलेल्या आईवडिलांना समुद्र दाखवावा म्हणून गेल्या जूनमध्ये टेक्सासमधील ह्यूस्टनपासून सुमारे ८० किलोमीटरवरच्या गॅल्व्हेस्टन बेटावर तीन रात्रींसाठी घर भाड्याने घेण्याचे आम्ही ठरवले आणि त्यात १,१४० डॉलर गमावले. उन्हाळ्यात तिकडे जाणारी मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत, म्हणून घडले ते सविस्तर लिहीत आहे.

गॅल्व्हेस्टन हे मुख्य भूमीला समांतर पसरलेले, सुमारे ४३ किलोमीटर लांबीचे वाळूचे अरुंद बेट आहे. एका अंगाला मेक्सिकोचे आखात आणि दुसऱ्या अंगाला खाडी असल्यामुळे पश्चिमेकडची बहुतेक घरे उंच खांबांवर उभी असतात. असेच एक घर आम्हाला जाहिरातींच्या एका संकेतस्थळावर दिसले. गॅलरीतून थेट वाळूत उतरणारा जिना होता, समोर तळ दिसेल इतके नितळ, निळेशार पाणी होते आणि भाडे आसपासच्या घरांपेक्षा एक तृतीयांशाने कमी होते.

संशय यायला हवा होता तो त्या पाण्यावरूनच. इथला समुद्र उथळ असून मिसिसिपीसारख्या नद्यांनी आणलेला गाळ त्यात ढवळत राहतो, त्यामुळे पाणी बहुधा मातकट दिसते. ह्यूस्टनमध्ये दहा वर्षे काढल्यावर मला हे ठाऊक नव्हते असे नाही. पण आईला ते छायाचित्र फार आवडले होते आणि मला भाडे.

घरमालक म्हणवणारा गृहस्थ फोनवर अतिशय अदबीने बोलला. त्याने रीतसर करारनामा पाठवला आणि संकेतस्थळाचे कमिशन वाचवण्याचे निमित्त सांगून, मोबाइलवरून तत्काळ खात्यात जमा होणाऱ्या पद्धतीने पूर्ण रक्कम मागितली. क्रेडिट कार्ड चालेल का, या प्रश्नाला त्याने बगल दिली. दुसरे कुटुंब त्याच तारखा मागत आहे, असे म्हटल्यावर मी अर्ध्या तासात पैसे पाठवले.

शुक्रवारी दुपारी त्याने दिलेला कुलपाचा क्रमांक लागेना. आमची खटपट ऐकून दार उघडले ते त्या घरात वर्षानुवर्षे राहणाऱ्या एका वृद्ध बाईंनी. त्या उन्हाळ्यात त्यांच्या दाराशी असे आलेले आम्ही तिसरे कुटुंब होतो. वडील जिन्याखालच्या सावलीत बॅगांपाशी उभे होते, ते एवढेच म्हणाले, "चल, आधी चहा कुठे मिळतो ते बघू."

मग समुद्रभिंतीजवळच्या एका मोटेलात दुप्पट भाड्याने राहिलो. समोरच्या बोलिव्हार द्वीपकल्पावर जाणारी सरकारी फेरी बोट विनामूल्य असते आणि तिच्या बाजूने डॉल्फिन पोहताना दिसले, त्यामुळे आईवडिलांची सहल अगदीच वाया गेली नाही.

पैसे मीच स्वतःहून पाठवले असल्यामुळे बँकेने हात वर केले. पोलिसांकडे आणि एफबीआयच्या इंटरनेट गुन्हे तक्रार केंद्राकडे तक्रार नोंदवली. अद्याप काहीही परत मिळालेले नाही. नंतर काउंटीच्या (म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या) मालमत्ता मूल्यांकन कार्यालयाच्या संकेतस्थळावर तो पत्ता टाकून पाहिला, तर मालकाचे नाव करारनाम्यातील नावापेक्षा वेगळे निघाले. गॅल्व्हेस्टन शहरात अल्प मुदतीने भाड्याने दिल्या जाणाऱ्या घरांची नोंदणी करावी लागते. त्या नोंदणीचा क्रमांक जाहिरातीत कुठेच नव्हता आणि मीही तो विचारला नव्हता. जाहिरातीतली छायाचित्रे इंटरनेटवर आणखी कुठे आहेत याचा उलट शोध घेतला तेव्हा त्यांतले घर फ्लोरिडातले असल्याचे कळले. या सगळ्या तपासाला दहा मिनिटेही लागली नाहीत.