जुनी ई-क्लास घरीच सांभाळायची: १२४ घ्यावी की २११?

जुन्या ई-क्लासचा भाव नव्या हॅचबॅकच्याही खाली येतो, पण तिचे सुटे भाग मर्सिडीजच्याच भावाने मिळतात. त्यामुळे ती परवडवायची तर मजुरी वाचवावी लागते, म्हणजे निम्मी कामं स्वतःच्या हातांनी करावी लागतात. आपल्याकडच्या बाजारात अशा हौशी माणसासमोर बहुतेक वेळा दोन गाड्या उभ्या असतात. पहिली चौकोनी डब्ल्यू १२४ (हे आकडे म्हणजे ई-क्लासच्या पिढ्यांचे मर्सिडीजचे आतले क्रमांक). मर्सिडीज-बेंझ इंडिया १९९४ साली पुण्यात सुरू झाली आणि १९९५ पासून टेल्कोच्या पिंपरी-चिंचवडच्या आवारात हीच गाडी जुळू लागली, ई २२० पेट्रोल आणि ई २५० डिझेल. दुसरी गोल दिव्यांची डब्ल्यू २११, २००२ ते २००९. मधली २१० इथे घेतलेली नाही. तिच्या पुढच्या स्प्रिंगची वरची वाटी गंजून बॉडीपासून सुटते, आणि ते काम वेल्डिंगचं आहे, घरच्या पान्यांचं नव्हे.

दोघींतला मुख्य फरक असा: १२४ चा बिघाड डोळ्यांना दिसतो, कानाला ऐकू येतो, हाताला लागतो. २११ चा बिघाड आधी स्कॅनरवर वाचावा लागतो.

ब्रेक

निर्णय बहुतेक वेळा इथेच होतो, म्हणून याबद्दल सविस्तर.

१२४ चे मागचे पॅड बदलायला अर्धा तास पुरतो. चाक काढा, पंच आणि हातोडीने कॅलिपरच्या दोन पिना ठोकून बाहेर काढा, मधली पत्र्याची स्प्रिंग जपून ठेवा, पॅड ओढा. नवे पॅड घालण्याआधी टाकीतलं थोडं ब्रेक ऑइल सिरिंजने काढून घ्या, नाहीतर पिस्टन मागे ढकलताना ते उतू जातं आणि रंग खातं. हँडब्रेकचे शू मागच्या डिस्कच्या आतल्या ड्रममध्ये वेगळे आहेत. त्यामुळे पिस्टन सरळ मागे ढकलला जातो, फिरवत बसावा लागत नाही. हँडब्रेक ढिला झाला असेल तर चाकाचा एक बोल्ट काढून त्याच भोकातून स्क्रू-ड्रायव्हरने आतली दातेरी चकती फिरवायची. ही सोय २११ लाही आहे.

२११ मध्ये मात्र २००६ च्या मध्यापर्यंतच्या गाड्यांना एसबीसी (सेन्सोट्रॉनिक ब्रेक कंट्रोल) ब्रेक आहेत. यात पायाचा दाब थेट कॅलिपरपर्यंत जात नाही. पंप आधीच दीडशे बारच्या आसपास दाब साठवून ठेवतो आणि संगणक तो चाकांना वाटतो. रिमोटने लॉक उघडलं, दार उघडलं किंवा पेडलला हात लागला, तरी पंप जागा होतो. त्या क्षणी कॅलिपर उघडा असेल तर पिस्टन बाहेर फेकला जातो, आणि मध्ये बोट असेल तर बोट जातं. म्हणून पॅडला हात लावण्याआधी डायग्नोस्टिक मशिनने एसबीसी झोपवणं भागच आहे. पंपाचा मोठा कनेक्टर काढून काम करणारेही आहेत; ती वाट आम्ही नवशिक्याला सुचवणार नाही. ब्रेक ऑइल बदलणं तर मशिनशिवाय होतच नाही. शिवाय पंपाच्या वापराची मोजणी गाडी आतल्या आत करत असते. ती ठराविक आकड्यापुढे गेली की मीटरवर वर्कशॉपला जायचा इशारा येतो, आणि नवा पंप जुन्या गाडीच्या किमतीला भिडतो.

२००६ च्या मध्यानंतरच्या २११ ला साधे हायड्रॉलिक ब्रेक आहेत. नोंदणीच्या वर्षावर भरवसा ठेवू नका, गाडी वर्षभर शोरूमला पडून राहिलेली असू शकते. बॉनेट उघडा आणि ब्रेक ऑइलच्या टाकीमागे काळा, गोल, थाळीएवढा बूस्टर दिसतो का ते बघा. नसेल तर ती एसबीसी. स्वतः हात घालायची हौस असेल तर अशी गाडी सोडून द्या.

ब्रेक ऑइल दोन्ही गाड्यांत दर दोन वर्षांनी बदला. चाकांचे बोल्ट १२४ ला ११० आणि २११ ला १३० न्यूटन मीटर. पायाने पान्यावर उभं राहून आवळायची सवय सोडा. त्याने आटे जातात आणि डिस्क वाकडी होते.

गिअरबॉक्स

१२४ ची चार गिअरची ऑटोमॅटिक व्हॅक्यूमवर चालते. गिअर धक्क्याने पडत असतील तर गिअरबॉक्स उतरवायची घाई करू नका. आधी व्हॅक्यूमच्या पातळ नळ्या आणि त्यांच्या टोकाचे रबरी कोपरे तपासा. तीस वर्षांच्या उन्हातान्हात ते रबर चिरतं. कोपरे स्वस्त आहेत, बदलायला अवजारही लागत नाही. ऑइल बघायला कांडी आहे. इंजिन चालू, गाडी सपाट जागी, ऑइल गरम, अशा वेळी बघायचं. खालच्या आणि वरच्या खुणेत जेमतेम ३०० मिली एवढाच फरक आहे, तेव्हा कमी दिसलं म्हणून लिटरभर ओतू नका.

२११ च्या बऱ्याच मॉडेलांत ७२२.६ ही पाच गिअरची ऑटोमॅटिक येते. गिअरबॉक्स दणकट आहे, पण एक छोटा दोष मोठं बिल करतो. गिअरबॉक्सच्या बाजूला, पुढच्या भागात, १३ पिनांचा गोल प्लग जिथे आत जातो तिथे प्लास्टिकची एक नळी आहे आणि तिच्यावर दोन ओ-रिंग, म्हणजे रबरी कड्या. त्या कडक झाल्या की ऑइल प्लगमध्ये शिरतं आणि तारांच्या आतून, दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं, थेट गिअरबॉक्सच्या संगणकापर्यंत चढतं. मग गाडी एकाच गिअरमध्ये अडकते. काही गॅरेजवाले इथे पूर्ण ओव्हरहॉल सांगतात. त्या नळीचा नंबर ए २०३ ५४० ०२ ५३. गाडी घोड्यांवर (जॅक स्टँडवर) घ्या, उष्णता अडवणारा पत्रा काढा, प्लगची कडी डावीकडे फिरवून प्लग ओढा, आतला ७ मिमीचा बोल्ट सोडा, जुनी नळी काढा, नवी बसवा. प्लगमध्ये ऑइल दिसलं तर संगणकाकडचा कनेक्टरही उघडून कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवा. तिथवर ऑइल पोचलं असेल तर नुसती नळी बदलून भागत नाही.

ऑइल बदलायला गिअरबॉक्सच्या तळाचा पॅन उतरवलात तर फिल्टर आणि पॅनचं पॅकिंग नवं घाला. पॅनचे टॉर्क्स बोल्ट फक्त ८ न्यूटन मीटरला आवळायचे. जास्त आवळले की पॅकिंग पिचतं आणि आठवड्यात गळती सुरू होते. या गाडीला कांडी येत नाही, नळीवर सीलबंद टोपण असतं, म्हणून मोजायची कांडी वेगळी विकत घ्यावी लागते. ऑइल ८० अंश तापल्यावर, इंजिन चालू ठेवून, ‘पी’मध्ये मोजायचं. ऑइलचं तापमान स्कॅनरवर दिसतं.

२००३ च्या आसपासच्या २११ मध्ये आणखी एक धोका आहे. रेडिएटरच्या आतच गिअरबॉक्स ऑइलचा कूलर आहे, तो आतून फुटला की कुलंट ऑइलमध्ये मिसळतं आणि गिअरबॉक्सच्या आतल्या क्लचच्या प्लेटा खराब होतात. चढावर हलका पाय असताना, खडबडीत रस्त्यावरून गेल्यासारखी थरथर आली तर आधी याची शंका घ्या. त्या काळातल्या गाडीला अजून मूळ रेडिएटर असेल तर घेतल्या घेतल्या तो बदलून टाका.

इंजिन

१२४ चं पाच सिलिंडरचं डिझेल हे घरी शिकायला सर्वांत चांगलं इंजिन. ऑइल फिल्टर उभ्या डब्यात वरच्या बाजूला, दोन नट सोडले की झाकण हातात. ऑइल साधारण ७ लिटर. झाकणाची ओ-रिंग दरवेळी नवी. चावी काढली तरी इंजिन फिरतच राहिलं तर घाबरू नका: हे इंजिन व्हॅक्यूमने बंद होतं. व्हॅक्यूमची एखादी नळी चिरली किंवा डायफ्रॅम (रबरी पडदा) फाटली तरी इंजिन बंद व्हायला कुरकुर करतं. हाताने चालवायचा व्हॅक्यूम पंप घेऊन एकेक फाटा तपासत गेलं की फाटलेला भाग सापडतो. १२४ बाळगणाऱ्याने हा पंप पहिल्या महिन्यातच घ्यावा.

ई २२० पेट्रोल घेणाऱ्याने मात्र पाकिटात हात घालण्याआधी इंजिनचं वायरिंग बघावं. १९९३ ते १९९५ च्या सुमाराच्या तारांचं वेष्टण उष्णतेने कुजतं. बॅटरीची निगेटिव्ह काढा, एका इंजेक्टरच्या प्लगजवळचं बाहेरचं काळं आवरण दोन सेंटिमीटर मागे सारा आणि आतली तार बोटांनी हलकेच वाकवा. चांगली तार वाकते. कुजलेल्या तारेचं वेष्टण जुन्या बिस्किटासारखं भुगा होऊन गळतं आणि तांबं उघडं पडतं. अशा गाडीत इंजिन मिस मारतं, आयडल वर-खाली होतं, आणि दोन उघड्या तारा चिकटल्या तर संगणक जळतो. आधीच्या मालकाने हार्नेस (तारांचा अख्खा जुडगा) बदलल्याचं बिल असेल तर गाडीची किंमत तेवढी जास्त द्यायला हरकत नाही. टेप गुंडाळून केलेली दुरुस्ती, दुरुस्ती समजू नये.

पेट्रोल १२४ साठी दुसरं काम इंधनाच्या रबरी नळ्यांचं. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि तीस वर्षांपूर्वीचं रबर त्यासाठी बनलेलं नाही. मागच्या उजव्या चाकापुढे, प्लास्टिकच्या झाकणामागे पंप आणि फिल्टर आहेत. तिथल्या आखूड नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घाला, क्लॅम्पही नवे.

२११ मध्ये आमची पसंती ई २२० सीडीआय या डिझेलला, ऑइल साधारण साडेसहा लिटर. इंजिनवरचं प्लास्टिकचं झाकण काढून इंजेक्टरच्या मुळाशी बघा. डांबरासारखा काळा, कडक थर साचला असेल आणि थंड इंजिनातून ‘फुस फुस’ ऐकू येत असेल, तर इंजेक्टरखालचं तांब्याचं वॉशर गेलंय. वॉशर स्वस्त, पण रुतलेला इंजेक्टर काढताना त्याचा बारीक बोल्ट हेडमध्ये तुटतो. हे काम ओढण्याची अवजारं असलेल्या माणसाला द्या, आणि नवा बोल्ट घातला का, हे उभं राहून बघा. थंड इंजिन तापवणाऱ्या ग्लो प्लगचंही तेच: इंजिन गरम करून, हलक्या हाताने, आणि अडला तर थांबायचं.

ई २०० कॉम्प्रेसर या पेट्रोल गाडीची टायमिंग चेन ताणते. सकाळी पहिल्या स्टार्टला दोन-तीन सेकंद साखळी खळखळली तर ती गाडी तिथेच सोडा. व्ही आकारात सहा सिलिंडर असलेल्या ई २८० सीडीआयमध्ये ऑइल कूलरची सीलं इंजिनच्या ‘व्ही’च्या मधोमध बसतात. सीलं स्वस्त, पण तिथवर पोचायला टर्बोपासून सगळं उतरवावं लागतं.

पाऊस, गंज आणि एसी

इथे २११ उजवी. तिचा पत्रा कमी गंजतो. १२४ चे दाराखालचे प्लास्टिकचे पट्टे गंज झाकून ठेवतात, म्हणून जॅक पॉइंटभोवती स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. भदभद आवाज म्हणजे आत पत्रा उरलेला नाही. कोकणात किंवा मुंबईत वाढलेल्या गाडीला हे आधी करा.

पानं दोघींचीही वैरी. वायपरखालच्या पन्हळीत पानं साचली की पाणी आत वळतं. १२४ मध्ये ते ब्लोअरमध्ये जातं. २११ मध्ये डिक्कीत पाणी साचलं तर तिथे बॅटरीही आहे आणि फ्यूज-रिलेंचा संगणकी डबाही, आणि मग एकाच वेळी दिवे, लॉक आणि काचा वेड्यासारख्या वागू लागतात. मे संपायच्या आत पन्हळ आणि सनरूफच्या नळ्या साफ करणं हे पाव तासाचं काम आहे.

एसीच्या बाबतीत १२४ आपल्या उकाड्यात हरते. तिचा इव्हॅपोरेटर (डॅशबोर्डमागचा, हवा थंड करणारा भाग) गळला तर अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो, आणि तीस वर्षांचं प्लास्टिक पुन्हा तसंच बसत नाही. चालवून बघताना एसी वीस मिनिटं लावून ठेवा. “फक्त गॅस भरायचा आहे” हे वाक्य ऐकलं की इव्हॅपोरेटरची किंमत वजा करून बोला.

अवजारं आणि हात कुठे आखडावा

१२४ ला गोट्यांचा (सॉकेटचा) चांगला सेट, एलन चाव्या, व्हॅक्यूम पंप, टॉर्क रेंच आणि मल्टिमीटर एवढ्यावर वर्षभराची कामं होतात. २११ ला याशिवाय टॉर्क्सचा सेट आणि मर्सिडीजची सगळी युनिटं वाचणारा स्कॅनर हवाच. साधा ओबीडीचा डोंगल फक्त इंजिनचे कोड दाखवतो. गिअरबॉक्स, ब्रेक आणि डिक्कीतल्या युनिटबद्दल तो गप्प बसतो.

१२४ ची पुढची स्प्रिंग घरी काढू नका. ती शॉकअॅब्सॉर्बरपासून वेगळी, आर्म आणि बॉडीच्या मध्ये दाबून बसवलेली आहे. बाहेरून लावायचा बाजारू कॉम्प्रेसर तिथे घसरतो, आणि सुटलेली स्प्रिंग माणसाला मारू शकते. बॉल जॉइंट आणि आर्मचे बुशही त्यामुळे गॅरेजलाच. दोन्ही गाड्यांत नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही जायचं नाही.

रोज ऑफिसला न्यायची, घरच्यांना घेऊन महामार्गावर जायचं, असं असेल तर २००६ च्या मध्यानंतरची ई २२० सीडीआय घ्या आणि स्कॅनरचे पैसे सौद्यातच धरा. घरात रोजची गाडी दुसरी असेल आणि रविवारी सकाळी हात काळे करायचे असतील तर ई २५० डिझेल. वायरिंग बदललेली, एसी धड असलेली ई २२० मिळाली तर तीही. १२४ साठी नोंदणीची कागदपत्रं आधी मागा. पंधरा वर्षांनंतर नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते, आणि चालू मुदत कधी संपते यावर भाव ठरतो.

बघायला जाताना विकणाऱ्याला सांगून ठेवा की गाडी आपण येईपर्यंत सुरू करू नये. पोचल्यावर आधी बॉनेटवर तळवा ठेवा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशीची वेळ घ्या.