सुपरचार्जर बसवला, आता टायमिंग कुठून मागे घ्यायचं? पिगीबॅक की रीमॅप

सुपरचार्जर इंजिनात जास्तीची हवा दाबतो (हा दाब म्हणजे बूस्ट), म्हणून ठिणगी पडण्याची वेळ, म्हणजे टायमिंग, मागे घ्यावं लागतं. पिगीबॅक म्हणजे क्रँक सेन्सर (क्रँकशाफ्ट किती फिरला ते सांगणारा) आणि ईसीयू (इंजिनचा संगणक) यांच्या मध्ये बसणारा डबा. बूस्ट चढला की तो सिग्नल उशिरा पाठवतो आणि ठिणगी मागे सरकते. जोडणी एका दिवसात होते, नंतर काढताही येतो. पण मूळ ईसीयूला यातलं काहीच ठाऊक नसतं. नॉक (इंधन अवेळी पेटून होणारी ठकठक) ओळखणारा सेन्सर जागा झाला की ईसीयू स्वतःही वेगळं टायमिंग कापतो, आणि दोघांच्या ओढाताणीत गाडी मंदावते. सिग्नल फार सरकवला तर चेक इंजिनचा दिवा ठरलेलाच.

रीमॅपमध्ये, म्हणजे ईसीयूचंच प्रोग्रॅमिंग बदलताना, आरपीएम आणि लोडनुसार (इंजिनावरचा भार) टायमिंग ठरवणारा तक्ताच बदलता येतो. आधी टायमिंग १० अंशांवर लॉक करून टायमिंग लाइटने (ठिणगीबरोबर चमकणारा दिवा) पुलीवरची खूण जुळवा. इथे चूक झाली तर पुढचे आकडे खोटे. मग दर १ पीएसआय (दाबाचं एकक) बूस्टला अंदाजे १ अंश मागे, ही सुरुवात. डायनोवर (ताकद मोजणारं यंत्र) टायमिंग एकेक अंश पुढे न्या. टॉर्क वाढायचा थांबला की थांबा. त्याआधीच नॉक आला तर २ अंश मागे या.

मुंबईत खरी परीक्षा सायनच्या ट्रॅफिकमध्ये. अर्धा तास रखडल्यावर आत जाणारी हवा सहज ६० अंश सेल्सिअसपार जाते, म्हणून तापमानानुसार टायमिंग कापणारा तक्ता हवाच. बऱ्याच स्वस्त पिगीबॅकमध्ये तो नसतो. ४-५ पीएसआयपर्यंत पिगीबॅक चालेल, त्यापुढे रीमॅपच. आणि १०० ऑक्टेनवर केलेल्या मॅपवर साधं पेट्रोल भरू नका, पिस्टन जातील.