शंभर घोड्यांचं भेंडोळं : आठ महिन्यांनंतर

मे महिन्यात जुझेप्पे कास्तिल्योने या चिनी दरबारात काम केलेल्या इटालियन चित्रकाराच्या 'शंभर घोडे' या चित्राची छापील गुंडाळी मागवली. मूळ चित्र 1728 सालचं, रेशमावरचं, तैपेईच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात आहे. जवळपास 95 सेंटिमीटर उंच आणि पावणेआठ मीटर लांब! माझी प्रत साधारण एक तृतीयांश मापाची, तरी अडीच मीटर भरतेच. मी ड्रॉइंगचे क्लास घेते. मुलांना घोडे दाखवायला म्हणून घेतली.

पहिला आठवडा चुकीचा वापर केला. सतरंजीवर सगळी पसरायची, टोकांना डबे ठेवायचे आणि उभ्याने बघायचं. तसं बघितलं की मोठं कुरण, लांबवरचे डोंगर आणि घोड्यांची गर्दी, एवढंच दिसतं. मग टेबलाशी बसून, चिनी गुंडाळी बघतात तशी, उजवीकडून हातभर उलगडायला लागले, बघून झालेला भाग गुंडाळत गेले. आता आधी झाडाखाली विसावलेले राखणदार भेटतात, मग कळप दाट होतो आणि शेवटी नदी ओलांडणारे घोडे येतात. तेच चित्र, पण चालत गेल्यासारखं. जुनी जन्मपत्रिका उलगडून वाचलेल्यांना हे लगेच जमेल. मुलं मात्र हमखास डावीकडून उघडतात.

क्लासमध्ये याचा उपयोग अपेक्षेपेक्षा जास्त झाला. घोड्याचं पोट गडद, पाठ उजळ, काही घोडे थेट आपल्याकडे तोंड करून उभे, म्हणून लांबीला आखूड दिसणारे. हे सगळं मिलानमध्ये जन्मलेल्या माणसाचं शिक्षण. झाडांच्या सालीवरच्या आडव्यातिडव्या रेघाही तिकडच्याच. पण एका मुलीने विचारलं, "बाई, घोडे असे पळतात का?" चारही पाय हवेत ताणून पळणारा घोडा खरा नसतोच. ती चिनी चित्रांतली जुनी ढब. त्याने ती उचलली. पुढे दरबारी माणसांचे चेहरे रंगवताना तर त्याने एका बाजूची सावली जवळजवळ पुसूनच टाकली, कारण तिथे अर्धा काळवंडलेला चेहरा आवडत नसे. तो तास माझा शेडिंगवर होता, अर्धा यातच गेला. गेला तर गेला.

आता तक्रारी. हिरवा रंग भडक छापलाय, नेटवरच्या संग्रहालयाच्या फोटोशी ताडून बघा. पावसाळ्यात कडेला बुरशीचे ठिपके आले; आता सुती कापडात गुंडाळून ठेवते, रबरबँड अजिबात लावत नाही. डावीकडचा लाकडी दांडा ऑगस्टमध्ये निखळला, फेविकॉलने बसवला. सोबतच्या पत्रकात चित्रकाराला 'धर्मगुरू' म्हटलंय, तेही चूक. तो जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघातला होता, पण पाद्री नव्हे, ब्रदर, म्हणजे पाद्रीपदाची दीक्षा न घेतलेला सदस्य. लिस्बनहून गोव्यात थांबून मकावला गेला, 1715 मध्ये बीजिंगला पोचला आणि 1766 मध्ये तिथेच वारला. तीन सम्राटांची चाकरी केली. हे एवढं तरी पत्रकात हवं होतं.

पैसे वसूल झाले का? माझे झाले. भिंतीवर फ्रेम करून लावायला घेणार असाल तर मात्र घेऊ नका. अडीच मीटरची काच कुठून आणणार, आणि टांगली की पुन्हा सतरंजीवरचंच चित्र होतं. शक्य असेल तर मोठ्या मापाची घ्या. माझ्या प्रतीत डाव्या टोकाची सही भिंगाशिवाय वाचता येत नाही, आणि ती सही बघण्यासारखी आहे. चिनी अक्षरांत त्याने आपलं दरबारी नाव लांग शिनिंग लिहिलंय, त्याआधी 'सेवक'. चीनच्या योंगझेंग सम्राटाने ख्रिस्ती धर्माच्या प्रसारावर बंदी घातली 1724 मध्ये. धर्माच्या कामासाठी आलेल्या या माणसाने त्याच सम्राटाचा सेवक म्हणून चार वर्षांनी हे घोडे पुरे केले.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो हिरव्या रंगासाठी.