जुनी डिझेल मर्सिडीज संस्थेला दिली: गाडी चांगल्या हातात, कागद मात्र रखडत

नाशिकमध्ये सातपूरच्या बाजूला एक सार्वजनिक न्यास मोटार मेकॅनिकचा वर्ग चालवतो. पेठ, सुरगाणा, हरसूलकडची पोरं तिथेच राहून शिकतात. जुन्या गाड्या ते दान म्हणून घेतात. आमची २००५ ची मर्सिडीज, ई २२० सीडीआय, मी त्यांना दिली. पाचपैकी साडेतीन तारे. कापलेला दीड तारा सगळा कागदपत्रांचा. गाडीचं म्हणाल तर त्यांनी सोनं केलं.

सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, द्राक्षाच्या एका बऱ्या हंगामात ती सेकंडहँड घेतली होती. पिंपळगावहून नाशिकला यायला यापेक्षा आरामाची गाडी नाही, हे त्यांचं मत आजही ठाम आहे. पण नोंदणीला वीस वर्षं पुरी होत आली होती. वीस वर्षांवरच्या चारचाकीला नूतनीकरणाची फी आता दहा हजार, वर पर्यावरण कर, आणि ब्रेकचा लाल मेसेज घेऊन पेठ रोडच्या आरटीओत फिटनेसला कोण पास करणार? या मॉडेलला सेन्सोट्रॉनिक ब्रेक आहेत. गाडीचं दार उघडलं की पंप घूं करून जागा होतो, पेडल दाबल्यावर चाकाला किती दाब द्यायचा ते कॉम्प्युटर ठरवतो. त्या युनिटचं आयुष्य ठरलेलं. ते संपलं की खर्च गाडीच्या किमतीच्या घरात जातो. मर्सिडीजने स्वतःच २००६ मध्ये ई क्लासमधून ही भानगड काढून टाकली. त्यात सिंहस्थाच्या कामांनी शहरभर रस्ते खोदलेले, आणि गाडीचं पोट जमिनीला टेकायला आलेलं. नाशिकच्याच द्वारका चौकातल्या एका एजंटाने भोवती फेरी मारली, "ताई, ब्रेक धड असते तर बघितलं असतं" म्हणाला आणि थेट भंगाराचा भाव सांगितला.

मग संस्थेला फोन केला. पहिला अनुभव काही खास नाही. न्यायला दोन जण आले ते दोर घेऊन. ऑटोमॅटिक, मागच्या चाकांवर चालणारी गाडी मागची चाकं रस्त्यावर ठेवून ओढली तर गिअरबॉक्सची वाट लागते, आणि इथे तर ब्रेकचाही भरवसा नव्हता. मी गेट उघडलंच नाही. दुसऱ्या खेपेला सपाट फळीची टोइंग गाडी आली, तिचं भाडंही त्यांनीच भरलं. फोनवरच तसं सांगून ठेवा, म्हणजे दोघांचा हेलपाटा वाचेल.

आता कौतुकाचं. काही दिवसांनी अण्णांना घेऊन वर्ग बघायला गेले. बॉनेट थेट नव्वद अंशांत उभं केलेलं. या गाडीची ती जुनी खुबी, मेकॅनिकला वाकावंच लागत नाही. सरांनी एका पोराला इंजेक्टरच्या, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या नळीच्या, बुडाशी बॅटरी मारायला सांगितली. तिथे डांबरासारखा काळा, कडक थर बसला होता. तांब्याचं वॉशर गळायला लागलं की सिलिंडरमधला गॅस बाहेर येतो आणि काजळी साचत साचत इंजेक्टर गाडून टाकते. पोरं ते खरवडत होती, दात कोरल्यागत, अगदी सावकाश, कारण जोर लावला तर इंजेक्टर तुटून हेडमध्ये अडकतो. सरांनी दोन गोष्टी घोटून घेतल्या. इंजिन चालू असताना डिझेलची गळती कधीही हाताने चाचपायची नाही. कॉमन रेलमधला, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीतला, दाब हजार बारच्या वर जातो, बारीक फवारासुद्धा कातडीच्या आत घुसतो. आणि या गाडीचे ब्रेक पॅड काढण्याआधी ती ब्रेक यंत्रणा बंद करायची, नाहीतर कोणी नुसतं दार उघडलं तरी पंप जागा होऊन कॅलिपर, म्हणजे पॅड दाबणारा चिमटा, बोटांवर मिटू शकतो. अण्णा म्हणाले, "इतकी वर्षं चालवली, हे आपल्याला कोणी सांगितलं नाही."

ही पोरं पुढे मर्सिडीज दुरुस्त करणार आहेत का, असं अण्णांच्याच एका मित्राने विचारलं. नाही करणार. ती दिंडोरी-वणी भागातल्या बोलेरो आणि पिकअप दुरुस्त करतील. पण बोलेरोसुद्धा आता कॉमन रेलवरच चालते आणि बिघाड शोधायचा स्कॅनर लावायचं सॉकेट तिच्यातही असतं. शिकाऊ पोराने गिऱ्हाइकाच्या चालू पिकअपवर हात साफ करण्यापेक्षा हे बरं. ही गाडी रस्त्यावर काढायचीच नाही, असं संस्थेचं ठरलेलं आहे. पूर्ण खोलून शिकवून झालं की सांगाडा मान्यताप्राप्त वाहन भंगार केंद्रात जमा करतात, तिथून ठेव प्रमाणपत्र मिळतं.

आता कागद. मी कर सल्लागार आहे, त्यामुळे इथे माझी सटकली. पावतीवर "मर्सिडीज गाडी, मूल्य रु. २,००,०००, ८०जी पात्र" असं छापून आलं. ८०जी, म्हणजे दानावर मिळणारी आयकराची वजावट, वस्तूच्या दानाला लागूच होत नाही. वजावट फक्त पैशांच्या दानाला, रोख असेल तर दोन हजारांपर्यंतच, आणि तीही जुनी करप्रणाली घेणाऱ्याला. न्यू जर्सीतला भाचा म्हणत होता, "मामी, इकडे गाडी दिली की टॅक्स कमी होतो." होतो, पण तिकडचा नियम तिकडे. तिथेही पाचशे डॉलरच्या वर वजावट मागायची तर संस्थेने गाडी जितक्याला विकली बहुतेक तेवढीच मिळते आणि १०९८-सी नावाचा फॉर्म लागतो. मी पावती फाडायला लावली आणि नुसतं गाडीचं वर्णन, चासी नंबर आणि तारीख असलेली नवी घेतली. तुम्हाला वजावटच हवी असेल तर गाडी विका आणि चेक द्या. घरच्या वापराची गाडी ही वैयक्तिक वापराची वस्तू, तिच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. धंद्यात घसारा लावलेली असेल तर मात्र हिशेब वेगळा.

पण खरा वैताग आरसीचा. गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर अण्णांच्या सह्या मी त्याच दिवशी दिल्या. संस्थेकडून विश्वस्तांचा ठराव हवा होता, तो आज येतो, उद्या येतो करत राहिला. एक विश्वस्त मुंबईला, दुसरे लग्नाला. तोवर गाडी त्यांच्या शेडमध्ये आणि नाव अण्णांचं. "गाडी जागची हलणारच नाही, मग काळजी कसली?" असं तिथल्या क्लार्कने मला विचारलं. काळजी अशी की, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलंय: गाडी दुसऱ्याच्या ताब्यात दिलेली असली तरी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईसाठी मालक तोच. उद्या एखाद्या पोराने हौसेने गेटबाहेर काढली तर नोटीस अण्णांना. शिवाय नोंदणीची मुदत संपली की नाव बदलणं अडतं, म्हणजे आधी दहा हजार भरून नूतनीकरण आलं. दुसरी चावी मी मुद्दाम कपाटात ठेवली आणि आरसी बदलल्याचा मेसेज आल्यावरच दिली. फास्टॅग पहिल्याच दिवशी बंद केला होता.

गाडी द्यायची असेल तर नोंदणीची मुदत निदान चार-सहा महिने शिल्लक असताना द्या आणि ठरावाची प्रत हातात पडल्याशिवाय फाटक उघडू नका. पेट्रोल गाड्या सध्या नको म्हणतात, जागा नाही. डिझेल कॉमन रेल असेल तर लगेच येतात. फोन दुपारी चारनंतर करा, सकाळी सर वर्गावर असतात आणि उचलत नाहीत.