जिप्सीतला जड क्लच सेट: सह्याद्रीतला चिखल ते स्पितीतला जानेवारी

सेटमध्ये ऑर्गॅनिक क्लच प्लेट, नेहमीपेक्षा कडक डायफ्रॅमची (चकतीसारख्या स्प्रिंगची) प्रेशर प्लेट, पेडल दाबल्यावर डायफ्रॅमला ढकलणारं रिलीज बेअरिंग आणि नवी केबल. गाडी १.३ लिटरची मारुती जिप्सी, टायर २१५/७५ आर १५. मूळच्या २०५/७० पेक्षा हा टायर व्यासाने पाच टक्क्यांहून थोडा मोठा भरतो आणि तितकाच जास्त भार क्लचवर येतो. जड प्रेशर प्लेट घेण्यामागे दुसरं कारण नव्हतं.

चिखलात, ओढ्यात आणि घाटात सेटबद्दल तक्रारीला जागा नाही. थंडीत मात्र सकाळी पहिला अर्धा तास क्लच स्लिप व्हायचा, म्हणजे इंजिन फिरायचं पण ताकद चाकांपर्यंत पूर्ण पोहोचायची नाही, आणि गाडी तापली की पुन्हा व्यवस्थित धरायचा. असं झालं की बहुतेक गॅरेजांत ‘प्लेट गेली’ म्हणून लगेच गिअरबॉक्स उतरवायला घेतात. पण घासलेली प्लेट तापल्यावर जास्त स्लिप होते, कमी नाही. फक्त थंड असताना स्लिप होणाऱ्या गाडीत दोष बहुधा प्लेटच्या बाहेर असतो, म्हणून स्लिप ‘कधी’ होतो हा प्रश्न ‘किती’ होतो याच्या आधी विचारायचा.

इथे कारण केबलमध्ये निघालं. पाण्यातून गेल्यावर केबलच्या वरच्या टोकाच्या रबरी बुटातून पाणी आत शिरतं आणि रात्री उणे पंधराच्या खाली त्याचा बर्फ होतो. पेडल दाबलं की पायाच्या जोराने आतली तार सरकते, पण परतताना अडखळते. रिलीज बेअरिंगला ढकलणारा फोर्क पूर्ण मागे येत नाही, रिलीज बेअरिंग डायफ्रॅमच्या बोटांवर टेकलेलं राहतं आणि प्लेट अर्धवटच दाबली जाते. पाय काढलेला असूनही गाडी हाफ क्लचवर चालत राहते.

तपासणी सोपी आहे. सकाळी इंजिन सुरू करण्याआधी बेलहाउसिंगच्या (क्लचवरच्या आवरणाच्या) बाजूला असलेला फोर्कचा दांडा हाताने हलवून बघा. साधारण २ ते ४ मिलिमीटर मोकळा हलला पाहिजे, हाच प्ले. मग पेडल दोनदा दाबून सोडा आणि पुन्हा बघा. प्ले गायब झाला असेल तर केबलचं टोक दांड्यावरून काढा. दांडा लगेच मोकळा झाला तर केबल दोषी. इंजिन तापल्यावर हीच तपासणी पुन्हा करायची. सकाळी प्ले नाही आणि तापल्यावर आहे, तर केबलमध्ये बर्फ किंवा घट्ट झालेलं ग्रीस. दोन्ही वेळा प्ले नाही, तर ॲडजस्टमेंट हवी. दोन्ही वेळा प्ले बरोबर असूनही स्लिप, तर मग प्लेट, प्रेशर प्लेट किंवा प्लेटवर आलेलं तेल, आणि तेव्हाच गिअरबॉक्सला हात लावायचा.

केबलवर गरम पाणी ओतू नका, तेच पाणी पुन्हा आत गोठतं. इंजिन चालू ठेवून बॉनेटखालच्या उष्णतेने ती सोडवायची आणि सवड मिळताच बदलायची. आतून नायलॉनचं अस्तर असलेल्या केबलमध्ये ग्रीस भरलं तर थंडीत त्रास आणखी वाढतो. दोन्ही टोकांचे बूट फाटके नसणं जास्त महत्त्वाचं. ॲडजस्टिंग नटाचे किती आटे उरलेत हेही टिपून ठेवा. प्लेट झिजते तसा प्ले कमी होत जातो, त्यामुळे हा नट झिजेचं फुकट मोजमाप देतो. हायड्रॉलिक क्लचच्या गाडीत झीज आपोआप भरून निघते, म्हणून ही खूण मिळत नाही. तिथे मास्टर सिलेंडरच्या पुशरॉडचा प्ले, आतून फुगलेला होज आणि जुनं, पाणी शोषलेलं फ्लुइड बघायचं.

रस्त्यावरची चाचणी टू-व्हील हायमध्येच (फक्त मागची चाकं, नेहमीचा रेशो) घ्या. लो रेशोत क्लचवर भार कमी येतो आणि स्लिप लपून राहतो. चौथ्या गिअरला ४० ते ५० च्या वेगाने चढावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा. इंजिनाचा आवाज चढला आणि स्पीडोमीटरचा काटा जागेवरच राहिला तर क्लच. बर्फावर गोंधळ होतो तो चाकं फिरल्यामुळे, पण स्पीडोमीटर ट्रान्सफर केसवरून (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणाऱ्या पेटीवरून) चालतो. चाकं फिरली तर काटाही आवाजाबरोबर उडी मारतो. टॅकोमीटर नसेल तर कान आणि काटा एवढं पुरतं. हँडब्रेक ओढून तिसऱ्या गिअरला इंजिन बंद पडतं का हे बघायची जुनी पद्धत बर्फावर नको, लॉक झालेल्या चाकांवर गाडी सरकते.

उंचीचाही हिशेब ठेवा. स्पितीतल्या काझ्याच्या उंचीवर टर्बो नसलेल्या इंजिनाला समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश हवा मिळते, त्यामुळे टॉर्कही त्याच प्रमाणात घटतो. म्हणजे कमजोर प्लेटसुद्धा तिथे बऱ्यापैकी तग धरते. त्या उंचीवर क्लच स्लिप होत असेल तर केबल किंवा तेलाचा संशय आणखी पक्का. आणि तिथे नीट धरलेला क्लच खाली आल्यावर कसारा घाटात सुटू शकतो, म्हणून प्लेट ठीक आहे हा निष्कर्ष वर असताना काढू नये.

तेलाचं प्रकरण गंभीर आहे. कडाक्याच्या थंडीत क्रँककेस ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर काढणाऱ्या पाइपमध्ये ओलावा गोठून तो बंद होतो, आत दाब वाढतो आणि क्रँकचं मागचं सील तेल सोडतं. बेलहाउसिंगच्या तळाच्या भोकाशी बोट लावून वास घ्या. गंधकासारखा उग्र वास आला तर गिअर ऑइल, म्हणजे इनपुट शाफ्टचं सील. काळं आणि त्या वासाचं नाही, तर इंजिन ऑइल. तेल प्यायलेली ऑर्गॅनिक प्लेट पेट्रोलने धुऊन भागत नाही, बदलावीच लागते.

महाराष्ट्रात अनेक गॅरेजांत गिअर ऑइल म्हणून सरसकट ईपी ९० भरतात. त्या ग्रेडला थंडीची कसोटीच लागू नाही. ८०डब्ल्यू तेलाची थंडीतली मर्यादा उणे २६ अंश सेल्सिअस, ७५डब्ल्यूची उणे ४०. घट्ट तेलाने क्लच स्लिप होत नाही, पण गाडी उचलत नाही म्हणून चालक हाफ क्लच लांबवतो आणि प्लेट खरोखर जळते. जानेवारीत जाणार असाल तर ७५डब्ल्यू-९० भरा. गिअरबॉक्ससाठी मॅन्युअलमध्ये दिलेलीच जीएल श्रेणी (गिअर ऑइलची प्रत) घ्या. जिप्सीत ट्रान्सफर केस वेगळी असते, तिचंही तेल विसरू नका.

आता सेटचं खरं उणं: पेडल जड आहे. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये डावा पाय भरून येतो, आणि तोच जास्तीचा ताण केबलवर पडतो. सुरुवातीचे पाचशे-सातशे किलोमीटर साध्या रस्त्यावर, ओढाताण न करता चालवले तरच प्लेट नीट बसते. सिरॅमिक बटणांची प्लेट याच किमतीत मिळत असली तरी बर्फासाठी घेऊ नका. ती एकदम पकडते आणि चाकं जागेवर फिरतात. ऑर्गॅनिक प्लेटवर दुसऱ्या गिअरला, लो रेशोत, गाडी बर्फावरून हळूच निघते.

मूळ मापाचे टायर असतील तर साध्या प्रेशर प्लेटचा सेट घ्या आणि उरलेल्या पैशात जास्तीची केबल, दोन रबरी बूट, १० आणि १२ चे पाने सोबत ठेवा. केबल बदलायला रस्त्याच्या कडेला अर्धा तास लागतो, हातमोजे घालून थोडा जास्त.