हवाईयन कीबोर्ड: पाच उद्यानं, सात खुणा

मॅकमधला हवाईयन कीबोर्ड, म्हणजे हवाईची भाषा टाइप करायची कळमांडणी, फुकट आहे, त्यामुळे पैसे वसूल होतात का हे विचारायचं कारण नाही. बघायचं एवढंच, की हवाईतल्या उद्यानांची नावं कायद्यात आहेत तशी त्यावर अचूक उमटतात का. सिनेटर डॅनियल अकाका यांनी मांडलेल्या आणि १३ नोव्हेंबर २००० रोजी मंजूर झालेल्या अमेरिकी कायद्याने (क्रमांक १०६-५१०) पाच नावांचं लेखन सुधारलं: हवाई व्होल्कॅनोज, हालेआकाला, कालोको-होनोकोहाऊ, पुउहोनुआ ओ होनाउनाउ आणि पुउकोहोला हेइआऊ. पाचांत मिळून ओकिना ३ आणि काहाको ४.

काहाको म्हणजे स्वरावरची आडवी रेघ, आपल्या भाषेत दीर्घ. हालेआकालातला शेवटचा ‘ला’ दीर्घ, म्हणजे सूर्य; पूर्ण नावाचा अर्थ सूर्याचं घर. दिन आणि दीन यांत घोळ न घालणाऱ्याला हे वेगळं समजवायला नको. ओकिनाला मात्र मराठीत जोड नाही. दोन स्वरांमध्ये घसा क्षणभर बंद होतो, त्याचं ते अक्षर. चक्क व्यंजन, विरामचिन्ह नव्हे.

जोडणी सोपी: सिस्टिम सेटिंग्ज, कीबोर्ड, इनपुट सोर्सेस, एडिट, अधिकचं चिन्ह, हवाईयन. ऑप्शन दाबून स्वर दाबला की रेघ येते. मोठ्या अक्षरासाठी सोबत शिफ्ट. अपॉस्ट्रॉफीच्या कळीवर थेट ओकिना. विंडोजच्या हवाईयन मांडणीत रेघेसाठी उजवी आल्ट कळ.

खरी किंमत त्या एका अपॉस्ट्रॉफीच्या कळीची. साध्या इंग्रजी कीबोर्डवर शब्दाच्या मधे अपॉस्ट्रॉफी दिली की स्मार्ट कोट्स, म्हणजे अवतरणं आपोआप वळवणारी सोय, तिचं बंद अवतरणचिन्ह करतात (युनिकोडमधला दशमान क्रमांक ८२१७), इंग्रजी ९ सारखं. ओकिनाचं वळण नेमकं उलट, ६ सारखं. काही जण उघडं अवतरण (८२१६) टाकून वेळ मारून नेतात. छापील पानावर खपतंही. पण खरा ओकिना ६९९ क्रमांकाचा. फाइलमध्ये दोन्ही मिसळले की डोळ्यांना सारखीच दिसणारी नावं शोधताना एकमेकांशी जुळत नाहीत, आणि यादी अक्षरक्रमाने लावली की तिचे तुकडे पडतात.

उणीवही याच कळीत. इंग्रजी वाक्यात षष्ठीची अपॉस्ट्रॉफी हवी तर ऑप्शन धरावी लागते. विसरलात की तिथेही ओकिना बसतो आणि सहसा कुणाच्या नजरेला येत नाही. इंग्रजी मजकुराला इंग्रजी मांडणीवर परत यावं, हेच बरं.

जुन्या दस्तऐवजात सरसकट ‘शोधा आणि बदला’ चालवू नका. ‘हवाईयन’ हे इंग्रजी घडणीचं विशेषण, त्यात ओकिना येत नाही. राज्याचं नावही १९५९ च्या प्रवेश कायद्यात ओकिनाविनाच आहे. आणि अमेरिकी सरकारच्या जुन्या कागदांवरची उद्यानांची नावं बदलली नाहीत तरी बिघडत नाही. तो उल्लेख नव्या नावाचाच समजावा, अशी तरतूद २००० च्या कायद्यातच आहे.